निर्मिलेला आत्मा : प्रस्तावना

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जनुके कापण्याच्या क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या उपचाराला जगात पहिल्यांदा मान्यता दिली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेनेही दिली. कॅसजेव्ही नावाचा हा उपचार रक्ताच्या दोन आनुवंशिक आजारांसाठी आहे. त्यांतला एक थॅलेसेमिया आणि दुसरा सिकलसेल. बातमी लंडनहून आली, पण तिचा अर्थ खरा कळायचा तो विदर्भात. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरद्वयाने मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून हा आजार आपल्या भागाच्या नावावर लागला आहे. नागपूरच्या इतवारीतून डागा किंवा मेयो रुग्णालय फार लांब नाही. अशा रुग्णालयांतल्या बाकांवर बसलेल्या आयांना ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, दोन्ही पालक ‘एएस’ असले तर दर गरोदरपणात चारात एक धोका, हे गणित कुठल्याही पाठ्यपुस्तकाशिवाय पाठ झालेले असते.

आत्म्याविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना रक्तापासून सुरू करतो आहे, ते मुद्दाम. मानवी क्षमतावर्धनाची जगभरची चर्चा बहुधा मेंदूत बसवलेल्या चिपपासून किंवा दीडशे वर्षे जगण्याच्या स्वप्नापासून सुरू होते. तिथे धडधाकट माणूस आणखी धडधाकट कसा होईल एवढेच बोलले जाते. दुखणाऱ्या देहाला त्या बैठकीत जागा नसते. ख्रिस्ती विश्वासाची पहिली जागा मात्र दुखणाऱ्या देहाशेजारीच आहे. म्हणून आपल्या भागातल्या दुखण्यापासून निघालो तर आत्म्याच्या प्रश्नापर्यंत आपण सरळ वाटेने पोचू, असे मला वाटते.

हा उपचार नेमका काय करतो ते आधी पाहू. रुग्णाच्या रक्तातल्या मूळपेशी काढून घेतात. त्या पेशींत बीसीएल-११-ए नावाचे एक जनुक असते. गर्भात असताना आपल्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे उत्पादन जवळजवळ थांबते. ते थांबवण्याच्या कामात या जनुकाचा मोठा वाटा असतो. क्रिस्परने त्या जनुकाच्या एका नियंत्रक भागावर काप दिला जातो. मग गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते आणि बहुतेकांचे वेदनेचे झटके थांबतात. सिकलसेलला कारण असलेला मूळ बिघाड जागच्या जागीच राहतो. म्हणजे काटेकोर बोलायचे तर इथे मोडलेले काही जोडले जात नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात एरवी सहसा नसणारी एक अवस्था जागी केली जाते.

याला बरे करणे म्हणायचे की वाढवणे? मी तरी न अडखळता बरे करणे म्हणेन, कारण हेतू एवढाच आहे की पोराने रात्रभर हाडे धरून विव्हळू नये. पण साधनाकडे पाहून हे उत्तर मिळाले नाही, हे लक्षात घ्यावे लागेल. हेच साधन उद्या धावपटूच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद वाढवायला कुणी वापरू पाहील, तेव्हा काप तसाच असेल. आणि दुसरी गुंतागुंत अशी की ज्याला आपण बिघाड म्हणतो त्याने एके काळी रक्षणही केले आहे. ‘एएस’ वाहकाला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते; म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक हजारो वर्षे टिकून राहिले. निर्दोष देहाचा एखादा मूळ नमुना कुठेतरी ठेवलेला आहे आणि आपण फक्त त्याबरहुकूम दुरुस्ती करायची आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी ही गोष्ट सोडून देऊ नये. सृष्टी चांगली निर्माण झाली असे म्हणणाऱ्याला या ‘एएस’ रक्ताचाही हिशेब द्यावा लागतो.

दुखणे घालवण्याची इच्छा प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जुनी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा इतवारीच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. रोगराई, खोकला, ईडापीडा घेऊन जा, म्हणून लोक मारबतीला ओरडून सांगतात. त्या हाकेत मला काहीही उणे दिसत नाही. येशूकडे आलेल्या आंधळ्यांनी, कुष्ठ्यांनी आणि बारा वर्षे रक्तस्राव सोसणाऱ्या बाईने हेच मागितले होते, आणि त्याने त्यांना आत्म्यावर प्रवचन देऊन परत पाठवले नाही. स्कॉटिश मिशनने सीताबर्डीत बायकांसाठी दवाखाना काढला तोही याच समजुतीने.

अडचण पुढे आहे. दुखणे घालवण्यापासून माणूस नवा घडवण्यापर्यंतची वाट एकाच रस्त्याची आहे आणि तिच्यावर मैलाचे दगड नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे च्यानख्वे या संशोधकाने जाहीर केले की त्याने भ्रूणांच्या जनुकांत बदल केला आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्या. मुलींना कुठलाही आजार नव्हता. पुढे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून हा बदल. त्याला तुरुंगवास झाला. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने हातपाय लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत यंत्र बसवले आणि तो विचाराने संगणकाचा बाण हलवू लागला. हे मी आनंदाने वाचले. पण त्या कंपनीचे मालक तेच यंत्र निरोग्यांनाही बसवण्याची भाषा करतात. या सगळ्यात आत्म्याचे काय होते, असा प्रश्न चर्चच्या अंगणात विचारला की बहुतेक वेळा झटपट उत्तर येते: काही होत नाही, आत्म्याला कोण हात लावणार?

हे उत्तर ख्रिस्ती नाही. ते आपल्या हवेतले आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणसाने ते नकळत श्वासासोबत घेतले आहे. देह हे वस्त्र, आत्मा अविनाशी, जुने टाकून नवे घ्यायचे, ही शिकवण कीर्तनातून, शाळेच्या पुस्तकातून आणि शेजारच्या घरातून आपल्यापर्यंत पोचते. तिच्या थोरवीविषयी मला आदर आहे. पण ती मान्य केली तर क्षमतावर्धनाविषयी बोलण्यासारखे काही उरतच नाही. वस्त्राला जरीकाठ लावला काय किंवा ठिगळ लावले काय, अंगाला त्याचे सुखदुःख नाही. आणि नागपुरात या शेजाऱ्याच्या जोडीला दुसराही शेजारी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी आत्म्याची कल्पनाच नाकारली. आत्म्यावरचा विश्वास पुरोहिताच्या हाती माणसाची दोरी देतो, असा त्यांचा रोख आहे. एका बाजूला आत्मा अनादि मानणारा शेजारी, दुसऱ्या बाजूला आत्मा नाहीच म्हणणारा, आणि मधे ख्रिस्ती माणूस. युरोपातल्या धर्मशास्त्रज्ञाला ही जागा लाभलेली नाही. आपण ती अडचण समजत आलो, पण विचाराला इतकी चांगली जागा क्वचित मिळते.

या जागेवर उभा राहून ज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत कसून विचार केला तो मराठी माणूस नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५, बुंदेलखंडात झाशीजवळ. घर चित्पावन, शिक्षण काशीत. मिशनऱ्यांचे खंडन करायला म्हणून त्यांनी बायबल हाती घेतले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले. १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शन-दर्पण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्याय, सांख्य, वेदान्त या दर्शनांना ते त्यांच्याच परिभाषेत आव्हान देतात. त्यांच्या प्रतिपादनाचा मणका मला असा दिसतो: आत्मा स्वतःच्या बळावर अनादि-अनंत असेल तर तो देवाचा ऋणी राहत नाही, आणि तो मुळात देवच असेल तर प्रार्थना कोण कुणाची करणार? आत्मा निर्माण झालेला आहे. तो नव्हता, आणि देवाच्या इच्छेने झाला. गोऱ्ह्यांचा स्वर अनेकदा कठोर आहे, समोरच्या पक्षातले सौंदर्य पाहायला ते थांबत नाहीत, हे मला खटकते. तरीही या एका मुद्द्यावर ते जे मांडतात ते आजच्या चर्चेत कुठल्याही परदेशी ग्रंथापेक्षा अधिक उपयोगी आहे. आत्मा जर निर्मिलेला असेल तर तो देहापासून अलिप्त, अस्पर्श, सुरक्षित असा कुठला गाभा नाही. देहाइतकाच तोही दुसऱ्याच्या हातून आलेला आहे.

गोऱ्हे वादातून जिथे पोचले तिथे नारायण वामन टिळक भक्तीतून पोचले. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने काम केलेले टिळक राजनांदगावच्या गाडीत बसले असताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकिकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. तो लोहमार्ग इतवारीवरूनच जातो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडले नाही. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. मोक्ष नको, सेवा दे, असे मागणाऱ्या भक्ताला देवापासून वेगळे राहायचे असते, कारण प्रेमाला दोघे लागतात. टिळकांच्या ख्रिस्ती कवितेतला आत्मा असा आहे: हाक ऐकणारा, ओ देणारा, आणि हाकेवाचून पोरका.

चर्चच्या दीर्घ परंपरेतही देह सोडून आत्म्याविषयी बोलणे हे मूळ सूर नव्हे. इसवी सन ३७९ मध्ये मरणाच्या अंथरुणावर असलेली मक्रीना आणि तिचा भाऊ न्यीसाचा ग्रेगरी यांचा आत्मा आणि पुनरुत्थान यांवरचा संवाद ग्रेगरीने लिहून ठेवला आहे. बहीण शिक्षिका, बिशप असलेला भाऊ विद्यार्थी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने करिंथकरांच्या पत्रावर भाष्य करताना स्पष्ट म्हटले की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. एकटा आत्मा तरला म्हणून मी तरलो असे होत नाही. १३१२ मध्ये फ्रान्समधील व्हिएन येथील धर्मपरिषदेने आत्मा हे देहाचे रूप आहे असे ठरवले, म्हणजे आत्म्याविना देह हा देह नाही. १५१३ मध्ये लॅटरन परिषदेने प्रत्येकाचा आत्मा स्वतंत्र आणि अमर असल्याचे सांगितले, आणि १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी प्रत्येक आत्मा देव थेट निर्माण करतो हे पुन्हा बजावले. प्रॉटेस्टंट बाजूला १९५५ मध्ये ऑस्कर कुलमन यांनी हार्वर्डमध्ये व्याख्यान देऊन खळबळ उडवली. ख्रिस्ती आशा आत्म्याच्या अमरत्वात नाही, मेलेल्यांच्या पुनरुत्थानात आहे, असे त्यांचे म्हणणे. सॉक्रेटिस शांतपणे विष पितो आणि येशू गेथसेमनीत घामाघूम होतो, हा फरक त्यांनी दाखवला. १९९० च्या दशकात नॅन्सी मर्फी त्याही पुढे गेल्या. आत्मा नावाचे वेगळे तत्त्व मानण्याची गरजच नाही. देहधारी माणूसच देवाशी नाते जोडू शकतो, असे त्या मांडतात.

मर्फींचे म्हणणे बाबासाहेबांच्या आक्षेपाच्या किती जवळ येते, हे या पुस्तकाच्या नागपूरकर वाचकाला जाणवल्याशिवाय राहणार नाही. पुरोहिताच्या हाती दोरी देणारा आत्मा मलाही नको आहे, आणि चर्चनेही ती दोरी अनेक शतके ओढली आहे हे कबूल केले पाहिजे. पण आत्मा हा शब्दच टाकून दिला तर एक गोष्ट सांगायला जागा राहत नाही असे मला वाटते: माणसाचे मोल त्याच्यापाशी काय आहे यावरून ठरत नाही, त्याला कुणी हाक मारली आहे यावरून ठरते. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या आईपाशी मोजता येण्यासारखी कुठलीच क्षमता राहिलेली नसते. तिला आत्मा आहे असे म्हणताना मी तिच्या मेंदूतल्या एखाद्या शिल्लक भागाविषयी बोलत नसतो. देव तिला अजून नावाने ओळखतो, एवढे आणि इतके मोठे ते विधान आहे.

या जागेवरून क्षमतावर्धनाकडे पाहिले की भीती कमी होते आणि प्रश्न धारदार होतो. चिप बसवल्याने आत्मा पळून जाणार नाही. जनुक कापल्याने देवाची प्रतिमा पुसली जाणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू थोमाला हातांचे आणि कुशीचे व्रण दाखवतो. सर्वांत उन्नत मानवी देह, ज्याच्यावर मरणाची सत्ता चालत नाही, तो व्रणांसह उठतो. नॅन्सी आइस्लँड या अमेरिकन अभ्यासिकेने १९९४ मध्ये ‘द डिसेबल्ड गॉड’ या पुस्तकात याच दृश्यावर आपले धर्मशास्त्र उभे केले. त्या स्वतः जन्मतः अपंग होत्या. स्वर्गात आपले अपंगत्व नाहीसे झाले तर आपण स्वतःलाच ओळखणार नाही, असे त्या म्हणत. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते पटले नव्हते; वेदनेला कवटाळल्यासारखे वाटले. आता वाटते की त्या वेदनेविषयी बोलत नव्हत्या. वेदना जाईल, पण ज्या देहाने आपण प्रेम केले, चुकलो, कुणाच्या आधाराने उभे राहिलो, तो देह अनोळखी होऊन परत येणार नाही, असे त्या सांगत होत्या. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली तेव्हाही हेच गृहीत होते: उठवणारा देव हाडांच्या साठ्यावर अवलंबून नाही, तो माणसाला ओळखतो.

माणसाने स्वतःला ओलांडून जावे हे स्वप्न मात्र केवळ नास्तिकांचे आहे असे समजू नये. रशियातल्या निकोलाय फ्योदोरोव या ऑर्थोडॉक्स श्रद्धाळू ग्रंथपालाने एकोणिसाव्या शतकात मांडले की विज्ञानाने सर्व पूर्वजांना पुन्हा जिवंत करणे हे मानवजातीचे धर्मकार्य आहे. ‘ट्रान्सह्युमॅनिझम’ ही संज्ञा रूढ करणारे जूलियन हक्सली देव मानत नव्हते, पण जेझुइट धर्मगुरू तेयार द शार्दाँ यांच्या मुख्य ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना त्यांचीच आहे. तेयार भूशास्त्रज्ञ होते आणि १९३५ मध्ये नर्मदेच्या खोऱ्यात आदिमानवाच्या खुणा शोधत फिरले होते. त्यांचे नाव निघाले की मला स्टीफन हिस्लॉप आठवतात. तेही धर्मप्रचारक आणि भूशास्त्रज्ञ. १८४५ मध्ये नागपुरात आले, शाळा काढली, जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या लिंगोची कथा उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. मृतांसोबत लोखंडी अवजारे पुरणाऱ्या लोकांची ती वर्तुळे. तेयारांनी काळाच्या प्रचंड विस्तारात माणसाला पुढेपुढे चढताना पाहिले. हिस्लॉप यांच्या कामात माणूस थराथरात राहतो, प्रत्येक थर आपापल्या जागी पूर्ण. तेयारांच्या दृष्टीची भव्यता मी नाकारत नाही. पण त्या चढणीत मागे पडणाऱ्यांचे काय, याचे समाधानकारक उत्तर मला त्यांच्यात सापडलेले नाही.

आणि मागे पडणाऱ्यांचा प्रश्न महाराष्ट्रात पुस्तकी नाही. जन्मानेच काहींचे मोल अधिक आणि काहींचे उणे, ही व्यवस्था आपण हजारो वर्षे जगलो. भ्रूणावस्थेत विकत घेतलेली बुद्धी किंवा उंची ही त्याच व्यवस्थेची नवी आवृत्ती होऊ शकते. फरक इतकाच की जुन्या व्यवस्थेत श्रेष्ठत्व हा केवळ दावा होता, इथे ते शरीरात लिहिलेले असेल. २०२३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर होती, आपल्या तेव्हाच्या हिशेबात अठरा कोटी रुपयांच्या घरात. आजार गडचिरोलीत आणि औषध त्या किमतीला, यात आत्म्याचा प्रश्न नाही असे ज्याला वाटते त्याने श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजाराची गोष्ट पुन्हा वाचावी.

चर्चने काही पाया घालून दिला आहे. व्हॅटिकनच्या २००८ च्या ‘दिग्नितास पर्सोने’ या निवेदनात रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर केलेला जनुकीय उपचार तत्त्वतः ग्राह्य मानला आहे. पुढच्या पिढ्यांत उतरणारा बदल सध्याच्या स्थितीत अग्राह्य, आणि उपचाराखेरीजचे जनुकीय क्षमतावर्धन सुप्रजननाच्या वृत्तीला खतपाणी घालणारे. युरोपातल्या चर्चेसच्या परिषदेने २०१० मध्ये क्षमतावर्धनावर चर्चापत्र काढले. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये भारतातल्या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालय आहे आणि सेमिनरी हिल्सला जिच्यामुळे नाव मिळाले ती सेंट चार्ल्स सेमिनरीही इथेच आहे. दोन्ही परंपरांनी एकत्र बसून या प्रश्नावर मराठीत बोलावे, याहून योग्य शहर मला दिसत नाही. पुस्तकातले लेख त्याच अपेक्षेने एकत्र केले आहेत आणि ते एकमेकांशी सहमत नाहीत.

एका प्रश्नावर मात्र माझे मत इथेच नोंदवतो, कारण पुढच्या पानांत तो जवळजवळ आलेला नाही. सिकलसेल टाळण्याचे आज विदर्भात उपलब्ध असलेले मार्ग मुख्यतः दोन: लग्नाआधी रक्त तपासून दोन वाहकांनी लग्न न करणे, किंवा गर्भाची तपासणी करून ‘एसएस’ निघाल्यास गर्भपात. दुसरा मार्ग कॅथलिक चर्चला मान्य नाही, आणि पहिला मार्ग प्रेमात पडलेल्या दोघांना सांगणे कुठल्याही पाळकाला सोपे नाही. अशा वेळी रुग्णाचाच देह बरा करणारे जनुकीय तंत्र हे चर्चने घाबरण्याचे प्रकरण नसून मागून घेण्याचे प्रकरण आहे. गर्भ निवडण्याऐवजी जन्मलेल्या लेकराला जगवणारा तो मार्ग आहे. या उपचाराआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते आणि तिने वंध्यत्व येऊ शकते, हेही रुग्णाला आणि त्याच्या आईवडिलांना नीट सांगितले पाहिजे. पण हेच वाहक जोडपे उद्या म्हणाले की आमच्या सगळ्या वंशातूनच हे जनुक काढून टाका, तर मी आज नाही म्हणेन. त्या बदलाचे परिणाम ज्यांच्या रक्तात उतरतील ती नातवंडे अजून जन्मलेली नाहीत, त्यांना विचारता येत नाही, आणि भ्रूणावरच्या कापाची खात्री कुणी देऊ शकत नाही. ही खात्री एक दिवस मिळाली तर काय, याचे उत्तर देताना गोऱ्हे आणि आंबेडकर दोघांनाही समोर ठेवावे लागेल.